दुखणे कोणत्या भाषेत सांगावे?

गेल्या पंधरवड्यातील गोष्ट. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांस घेऊन आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे होतो. आमच्यापुढे खानापूर तालुक्यातील एका खेड्याहून आलेल्या आजीबाई होत्या. डोक्यावरून पदर, हातात औषधांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी आणि बोट धरून उभा असलेला दहा-अकरा वर्षांचा नातू. टेबलामागचा तरुण डॉक्टर दक्षिणेकडील एका जिल्ह्यातून नेमणुकीवर आलेला. त्याला कन्नड येत होते, इंग्रजी येत होते. मराठी येत नव्हते. त्याने कन्नडमध्ये विचारले, ''काय होते?'' आजीबाईंनी नातवाकडे पाहिले. नातवाने शाळेत शिकलेल्या कन्नडमधून उत्तर दिले, ''होट्टे नोवु.'' पोट दुखते. त्या पोराला दुखण्याचे तेवढे एकच कन्नड नाव ठाऊक होते, कारण रजेच्या अर्जात तेच लिहावे लागते! आठ दिवसांपूर्वीही त्याने हेच सांगितले होते आणि पित्ताच्या गोळ्या मिळाल्या होत्या. डॉक्टरांची लेखणी पुन्हा त्याच गोळ्यांकडे वळली.

तेवढ्यात आजीबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, ''पोटाचं न्हवं रे बाळा. हितं छातीत गच्च धरल्यागत हुतंय. चढ चढताना लईच. आनि ह्यो डावा हात भरून येऊलाय बग.''

आम्हांस येते तेवढ्या कन्नडमध्ये आम्ही ते डॉक्टरांस सांगितले. त्यांनी लेखणी खाली ठेवली, स्वतः उठून आजीबाईंस खुर्चीवर बसविले आणि तत्काळ कार्डिओग्राम काढावयास पाठविले. अर्ध्या तासाने ते बाहेर आले व 'भरून येणे' आणि 'गच्च धरणे' हे शब्द त्यांनी आम्हांकडून पुन्हा म्हणवून घेऊन एका कागदाच्या पाठीवर कन्नड लिपीत टिपून घेतले. आजीबाईंस दाखल करून घेण्यात आले.

त्या डॉक्टरांच्या सद्भावनेविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. आजीबाईंचा तर दोष नव्हताच. जन्मभर ज्या भाषेत त्या रडल्या-हसल्या त्या भाषेत त्यांनी आपले दुखणे सांगितले. नातवाचाही दोष नव्हता. मग दोष कोणाचा? खानापूर तालुक्याच्या रोग्यांसाठी चालविलेल्या रुग्णालयात मराठी समजणारा एक माणूस टेबलाशेजारी बसविणे ज्या राज्यव्यवस्थेस सुचत नाही, तिचा हा दोष आहे. आणि त्या दिवशी आम्ही योगायोगाने रांगेत नसतो तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हांस अजून स्वस्थ बसू देत नाही.

कळ, ठणका आणि ओढ

सीमाभागातील मराठीचा प्रश्न म्हणजे पाट्यांचा आणि फलकांचा प्रश्न, असे बंगळुरातील सत्ताधीश समजतात. आणि खरे सांगावयाचे तर आपल्यापैकीही काहीजण तसेच समजू लागले आहेत. पाट्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पाटी वाचता आली नाही तर माणूस वाट चुकतो. दुखणे सांगता आले नाही तर तो जीवास मुकतो. भाषेचा हक्क हा चैनीचा हक्क नव्हे, जगण्याचा हक्क आहे, हे ज्यास पटत नसेल त्याने एक दिवस कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभे राहावे.

वैद्यकाच्या हाती आज अनेक यंत्रे आली आहेत. पण त्या यंत्रांपैकी कोणते चालवावयाचे हे ठरते रोग्याच्या तोंडच्या शब्दांवरून. आपल्या मराठीत दुखण्याला किती नावे आहेत पाहा! गळू ठणकते, दात सणकतो, काटा सलतो, डोळे चुरचुरतात, जखम झोंबते. पोटात मुरडा येतो, बरगडीत उसण भरते, कमरेत चमक निघते, पायात गोळे येतात, हाताला मुंग्या येतात, छातीत कळ येते. ह्यातील प्रत्येक शब्द वैद्याला एकेका वेगळ्या वाटेने नेणारा आहे. 'मळमळते' आणि 'जळजळते' ह्यांत एका अक्षराचा फरक, पण औषधात केवढे अंतर! कन्नडमध्येही अशीच समृद्धी आहे. तिथे 'नोवु' निराळे आणि 'उरि' निराळी. परंतु मराठी रोगी आणि कन्नड डॉक्टर ह्यांच्यामध्ये जेव्हा एखादा शिपाई, एखादा शेजारचा रोगी किंवा एखादे शाळकरी पोर उभे राहते, तेव्हा ही सारी समृद्धी गळून जाते आणि उरते ते एकच मुके वाक्य: दुखते!

वेळेचाही प्रश्न आहे. १९८४ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी डॉक्टर-रोग्यांच्या ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा रोगी बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्यास मध्येच तोडतो, असे त्यांस आढळले. तिथे दोघांची भाषा एक असताना ही अवस्था. मग शेकड्यांची रांग, एक डॉक्टर आणि मध्ये भाषेची भिंत असताना आपल्या वाट्याला किती सेकंद येत असतील?

'काल' आणि 'काय'

कोणी म्हणेल, सीमाभागातील लोक पिढ्यानपिढ्या शेजारी राहतात. त्यांस एकमेकांचे समजते. एवढे अवडंबर कशाला? खरा धोका नेमका ह्या 'समजते' म्हणण्यात आहे. मराठी माणूस 'काल दुखत होते' म्हणतो. कन्नडमध्ये 'कालु' म्हणजे पाय! तो 'काय' म्हणतो, आणि कन्नड कानाला 'कै' ऐकू येते. 'कै' म्हणजे हात! काही न समजणाऱ्यापेक्षा अर्धवट समजणारा अधिक घातक, कारण तो दुसऱ्यांदा विचारीत नाही.

ह्याचे एक दारुण उदाहरण जगाच्या वैद्यकीय इतिहासात नमूद आहे. १९८० साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणास बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. घरची मंडळी क्यूबाहून आलेली, स्पॅनिश बोलणारी. त्यांनी सांगितले, मुलगा 'इन्तोक्सिकादो' आहे. त्यांच्या बोलीत ह्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले आहे. डॉक्टरांनी त्यावरून इंग्रजी शब्द ताडला आणि मुलाने अमली द्रव्य घेतले आहे असे ठरवून त्याप्रमाणे उपचार चालविले. वस्तुतः त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. हे उमगेपर्यंत मोलाचा काळ हातचा गेला आणि त्या तरुणाचे हातपाय जन्माचे लुळे पडले. पुढे जो समझोता झाला त्यात आयुष्यभराची मिळून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर एवढी भरपाई ठरली. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, त्या रात्री दुभाषा कोणीच मागितला नाही. कारण आपल्याला समजले आहे असे दोन्ही बाजूंस वाटत होते!

जे सांगता येत नाही

आतापर्यंत आम्ही जे सांगता येते त्याविषयी लिहिले. पण जे सांगताच येत नाही त्याचे काय? पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणे, गर्भाशयाचे दुखणे, नवऱ्याकडून झालेली मारहाण. ह्या गोष्टी कोणती बाई आपल्या मुलाला वा दिराला दुभाषा करून परक्या पुरुषास सांगेल? ती 'कंबर दुखते' म्हणेल आणि परत येईल. आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघण्यापूर्वी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे बोलल्या, तेव्हा हिंदी स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, हेच त्यांनी सांगितले होते. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या त्या मातेला स्त्रीच्या मौनाची किंमत ठाऊक होती. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली; पण १८८७ च्या फेब्रुवारीतच काळाने त्यांना नेले. त्यांनी ओळखलेला तो अडसर सीमाभागातील मराठी स्त्रीपुढे आज दुहेरी होऊन उभा आहे: लज्जेचा आणि भाषेचा.

दवाखान्याबाहेरही हेच. गर्भवतीच्या हाती 'तायी कार्ड' दिले जाते. त्यावर तपासण्यांच्या तारखा, लसींची नोंद, धोक्याच्या खुणा. कन्नडमध्ये छापलेले हे कार्ड जिला वाचता येत नाही, ती ते जपून ट्रंकेत ठेवते. वृद्धांचे 'संध्या सुरक्षा' वेतन, विधवांचे व अपंगांचे वेतन, ह्यांचे अर्ज कन्नडमध्ये. ते भरून देणारा मध्यस्थ कचेरीच्या दारात उभा. आणि त्याची दक्षिणा आधी. म्हाताऱ्याचे वेतन का बंद झाले हे सांगणारी नोटीस येते, तीही त्यास न कळणाऱ्या लिपीत. सरकारने मदत मंजूर केली, पण ती घेणाऱ्याला कळलीच नाही, तर ती मदत कोणाची?

२०२०-२१ च्या कोविडकाळात तर ह्या व्यवस्थेचा शेवटचा आधारही तुटला. एरव्ही रोग्याबरोबरचा नातेवाईक हाच त्याचा दुभाषा असतो. त्या साथीत नातेवाइकास दाराबाहेर ठेवणे भाग होते. आत मराठी रोगी एकटा, अंगभर झाकलेला अनोळखी माणूस समोर, आणि त्याचे बोलणे परके. साथ आटोक्यात आणावयाची तर लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावे लागते, हा धडा आपल्या इतिहासात रक्ताने लिहिलेला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडच्या कमिटीने गोऱ्या सोल्जरांस घरोघर घुसविले. रोगी शोधणे हा हेतू वैद्यकदृष्ट्या चूक नव्हता. पण न समजावता, न विचारता, देवघर-माजघर तुडवीत तो अमलात आणला गेला. लोक रोग्यांस लपवू लागले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते सर्वांस विदित आहे.

कायदा काय सांगतो?

आम्ही मागतो ती मेहेरबानी नव्हे. भारताच्या घटनेचे ३५०वे कलम प्रत्येक नागरिकास संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे सादर करण्याचा हक्क देते. १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या वेळी, म्हणजे आमच्या मस्तकावर म्हैसूर राज्य लादले गेले त्याच वर्षी, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्यांकांच्या संरक्षणाचे निवेदन संसदेपुढे ठेवले. ज्या भागात अल्पसंख्यांकांची लोकसंख्या १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यात आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषिकांचे प्रमाण सरकारी शिरगणतीप्रमाणेच १५ टक्क्यांच्या वर आहे; आणि खानापूर तालुक्यात तर मराठी हीच बहुसंख्यांची भाषा आहे. मग लसीकरणाची सूचना ही 'महत्त्वाची' नव्हे काय? शस्त्रक्रियेचे संमतिपत्र हे 'सूचने'हून कमी मोलाचे आहे काय?

वैद्यकाचा कायदा तर ह्याहून स्पष्ट बोलतो. गर्भलिंग निदानास आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याच्या ५व्या कलमान्वये गर्भवतीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेतच घेतली पाहिजे आणि त्याची प्रत तिला दिली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने 'संमती'ची व्याख्याच अशी केली आहे की, उपचाराचे लाभ, धोके व पर्याय रोग्यास समजेल अशा भाषेत व रीतीने सांगितल्यावाचून ती संमतीच नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. तीतही आपल्या आजाराची माहिती आपल्याला कळणाऱ्या भाषेत मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. आणि २००८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका खटल्यात निर्णय दिला. त्या खटल्यातील स्त्री केवळ तपासणीसाठी भूल घेऊन झोपली असता, तिच्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकण्यात आले होते. न्यायालयाने सांगितले की ही संमती नव्हे. जाणत्या रोग्याने पुरेशी माहिती मिळाल्यावर स्वतः दिलेली संमती हीच खरी.

आता आम्ही विचारतो: मराठीशिवाय दुसरी भाषा न जाणणाऱ्या बाईने वाचता न येणाऱ्या कागदावर उमटविलेला अंगठा ही कोणत्या न्यायाने संमती? तो अंगठा तिचा आहे, संमती कारकुनाची आहे!

आमचे कन्नडशी वैर नाही

२०२४ साली कन्नड विकास प्राधिकरणाने कर्नाटकाच्या आरोग्यमंत्र्यांस पत्र लिहून सरकारी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठ्या कन्नडमध्ये लिहाव्यात अशी मागणी केली. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण आम्ही ह्या मागणीमागील तत्त्वाचे मनःपूर्वक स्वागत करतो! बागलकोटच्या वा रायचूरच्या शेतकऱ्यास आपली औषधाची चिठ्ठी स्वतःच्या भाषेत वाचता आली पाहिजे, ह्यात गैर ते काय? परंतु जे तत्त्व रायचूरला न्याय्य, ते खानापुरात, निपाणीत, बेळगावच्या शहापुरात अन्याय्य कसे ठरते? रोग्यास कळावे हा हेतू असेल तर मराठी रोग्यासाठी मराठी आलीच. ती येणार नसेल, तर हेतू रोग्याला कळावे हा नसून भाषेचा शिक्का उमटावा हा आहे, असे म्हणणे प्राप्त होते.

बाराव्या शतकात बसवेश्वरांनी लोकांच्या कन्नडमध्ये वचने सांगितली. तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला. दोघांची प्रेरणा एकच: जे ज्याच्यासाठी आहे ते त्याला कळले पाहिजे. आमच्या संतांनी पंढरीच्या विठ्ठलास 'कानडा' म्हणून आळविले. अशा भूमीत वाढलेली माणसे कन्नडचा द्वेष कसा करतील? आमचा लढा सक्तीशी आहे. १९८६ च्या जूनमध्ये ज्या हुतात्म्यांनी प्राण वेचले तेही कन्नड भाषेविरुद्ध नव्हे, कन्नडसक्तीविरुद्ध.

आणि न्याय दोन्ही बाजूंनी असला पाहिजे. अथणी-रायबागकडील कन्नड शेतकरी उपचारासाठी मिरजेस जातात. जत व अक्कलकोट तालुक्यांत, सोलापूर शहरात कन्नड बोलणारी हजारो कुटुंबे आहेत. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत त्यांना त्यांच्या भाषेत समजावणारा माणूस आहे काय? नसेल तर महाराष्ट्र शासनाने तो आजच नेमावा. आम्ही जे बंगळुराकडे मागतो ते मुंबईने आपल्या दारात आधी करून दाखवावे; मग आमच्या मागणीचे बळ दसपट होईल. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण उपचाराचा खर्च कोणीही उचलला, तरी रोग्याचे शब्द उचलणारा माणूस त्याच्याजवळ असावाच लागतो.

आमच्या घरातील दोष

दुसऱ्याकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. आमच्यातीलच मराठी डॉक्टर, मराठी आईच्या पोटी जन्मलेले, मराठी रोग्याशी कोणत्या भाषेत बोलतात? ''बायोप्सी निगेटिव्ह आहे,'' असे ते सांगतात, आणि 'निगेटिव्ह' म्हणजे काहीतरी वाईट, असे समजून घर रात्रभर रडते! ''गाठीत वाईट काही आढळले नाही,'' एवढे मराठी उच्चारावयास कोणती पदवी आड येते? एका परिचित डॉक्टरांनी रोग्यास, रक्ततपासणीला ''उपवास करून या'' असे सांगितले. दुसऱ्या दिवशी गृहस्थ साबुदाण्याची खिचडी खाऊन हजर! त्याचे काय चुकले? त्याच्या घरी उपवासाला खिचडीच खातात. ''पाण्याखेरीज काही घेऊ नका, चहासुद्धा नको,'' असे सांगावयास हवे होते. भाषा एक असली म्हणजे संवाद झाला असे नव्हे. शब्द सोपे हवेत, सूर दरडावण्याचा नको, आणि शेवटी रोग्यास विचारले पाहिजे: ''आता तुम्ही घरी जाऊन काय करणार ते मला सांगा पाहू.'' तो बरोबर सांगेल तर समजले. नाही तर पुन्हा सांगावे. ह्याला दमडीचा खर्च नाही.

मराठीत वैद्यक बोलता येत नाही, ही सबब तर कोणी सांगूच नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी व गुजराती भाषांतून वैद्यकाचे वर्ग चालत असत. शब्द तेव्हाही होते. आज उणीव आहे ती इच्छेची.

मोंफोरचा धडा

भाषिक अल्पसंख्यांकांनी रुग्णालयासाठी लढावे, हे जगात नवे नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात राज्य इंग्रजी बहुसंख्यांचे. तेथील ओटावा शहरात मोंफोर नावाचे, फ्रेंच भाषेतून सेवा व शिक्षण देणारे रुग्णालय. १९९७ च्या फेब्रुवारीत प्रांतिक आयोगाने काटकसरीच्या नावाखाली ते बंद करण्याचे योजिले. इतर रुग्णालयांत फ्रेंच बोलणारे कर्मचारी मिळतील, असे सांगण्यात आले. फ्रेंच भाषिकांनी ते मानले नाही. झिझेल लालोंद ह्या माजी महापौर स्त्रीच्या नेतृत्वाखाली ते एकत्र आले. २२ मार्च १९९७ रोजी सुमारे दहा हजार माणसे सभेस लोटली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००१ च्या डिसेंबरात ओंटारिओच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की भाषिक अल्पसंख्यांकांचे संरक्षण हे कॅनडाच्या घटनेचे मूलतत्त्व असून ते डावलून हे रुग्णालय मोडता येणार नाही. मोंफोर आजही उभे आहे. त्या लोकांनी सरकारी हिशेबाला न्यायालयात उत्तर दिले आणि तोपर्यंत आपली एकजूट सैल होऊ दिली नाही, हे आपण शिकण्यासारखे आहे.

आमची मागणी, आमचे काम

म्हणून कर्नाटक सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि मराठी वस्तीच्या इतर भागांतील प्रत्येक सरकारी रुग्णालयात व आरोग्यकेंद्रात मराठी जाणणारा, ह्या कामाची शिकवण घेतलेला दुभाषा दिवसपाळीस व रात्रपाळीस नेमावा. त्यात स्त्रिया असाव्यात. संमतिपत्रे, तायी कार्डे, औषध घेण्याच्या सूचना आणि वेतनांचे अर्ज कन्नडबरोबर मराठीतही छापावेत. मराठी गावांत आशा व अंगणवाडी सेविका गावची भाषा बोलणारीच असावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागणाऱ्यास मराठीत उत्तर मिळावे. भीमगडच्या रानातून पावसात रोगी खांद्यावरून आणणाऱ्यांपाशी भाषांतरास वेळ नसतो. आणि येथे नेमणुकीवर येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरास व परिचारिकेस दुखण्याचे निदान शे-दोनशे मराठी शब्द शिकवावेत. आम्ही पाहिलेला तो तरुण डॉक्टर कागदाच्या पाठीवर जे स्वतःहून शिकला, ते सरकारने शिकविण्यात कमीपणा कसला?

परंतु केवळ मागण्या करून थांबणे हे चळवळीचे लक्षण नव्हे. आमच्या तरुण मंडळांस आम्ही आवाहन करतो: गणेशोत्सवात मंडपासाठी जेवढे हात पुढे येतात त्यांतील दोन हात आठवड्यातून एक सकाळ रुग्णालयास द्या. दोन्ही भाषा जाणणाऱ्या मुला-मुलींनी पाळीपाळीने दाराशी बसावे, मराठी रोग्याबरोबर आत जावे. जे ऐकले ते जसेच्या तसे सांगावे, आपल्या पदरचे काही घालू नये, काही गाळू नये, आणि ऐकलेले बाहेर बोलू नये. तिथे एखादी कन्नड वा उर्दू बोलणारी माउली अडलेली दिसली तर तिलाही तीच सेवा द्यावी. आमच्या डॉक्टर मंडळींनी दुखण्याच्या शब्दांची मराठी-कन्नड पुस्तिका तयार करावी. ती छापण्याचा भार हे पत्र उचलील. ज्यास समजेल अशा भाषेत माहिती मिळाली नाही, त्याने मराठीतच लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी. घटनेचे ३५०वे कलम त्याच्या पाठीशी आहे. अशा तक्रारींच्या प्रती आमच्याकडे द्याव्यात. भाषिक अल्पसंख्यांक आयुक्तांपुढे आणि वेळ पडल्यास न्यायालयापुढे त्या मांडता येतील.

ह्याचा अर्थ विलीनीकरणाची मागणी आम्ही सैल केली, असा कोणी काढू नये. १७ जानेवारी १९५६ रोजी ज्यांचे रक्त ह्या शहराच्या रस्त्यावर सांडले त्यांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. त्यासाठी वाट पाहण्याचा धीर सात दशकांनी आम्हांस शिकविला आहे. पण छातीतील कळ निकालाची वाट पाहत नाही. उद्या सकाळी पुन्हा रांग लागेल. तीत खानापूरची आणखी एखादी आजी उभी असेल, शेजारी तिचा नातू असेल आणि त्याला पोटदुखीखेरीज दुसरा शब्द ठाऊक नसेल. तिच्या बाजूला उभे राहावयास उद्या सकाळी आपल्यापैकी कोण जाणार, एवढे आज रात्री ठरवा.